अडचण नसलेल्या जाऊबाई

आमच्या मोठ्या जाऊबाईंना वर्षातून चारदा पाळी येई, कधी तीनदाच. तापीकाठच्या आमच्या घरात आम्ही तीन जावा. अडचण आली की चार दिवस चूल, देव, लोणच्याची बरणी, कशालाही शिवायचं नाही. आम्ही दोघी धाकट्या दरमहा बाजूला बसायचो. घर अडत नसे, कारण मोठ्या बाई असायच्या.

गल्लीतही त्यांना मागणी होती. कुणाची पूजा असो की उन्हाळ्यातले पापड, घरची सून बाजूला बसली की निरोप यांनाच. पदर खोचून निघता निघता त्या मला चिडवायच्या, "तुन्हं चालू दे कॅलेंडर. मन्हं आपलं मोकळं शे." सासूबाई त्यांना देवाचं माणूस म्हणत. दोन मुलं झाली होती, त्यामुळे शंका कुणालाच आली नाही. आम्हाला तर हेवाच वाटे.

स्वयंपाक कुणाकडे हे ठरवायला मी तिघींच्या तारखा वहीत मांडायची. बावीस वर्षं त्यांचे रिकामे महिने माझ्याच अक्षरात होते. मला त्यात फक्त सोय दिसली.

एक्कावन्नाव्या वर्षी त्यांची पाळी थांबली. दीड वर्षाने पुन्हा रक्त दिसलं, तेव्हा त्या हसल्या. "परत तरनी व्हयनू मी," म्हणाल्या आणि कापूस वेचायला गेल्या. हे मला एकटीला माहीत होतं. मी सात महिने गप्प राहिले.

शेवटी मीच त्यांना शहाद्याला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या वह्या चाळल्या. तपासणीचा कागद आला, त्यात गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर होता. पाळी वर्षानुवर्षं अशी लांबली की अस्तर वेळेवर झडत नाही, जाड होत जातं आणि धोका वाढतो, असं त्या म्हणाल्या. प्रत्येकीला होतं असं नाही. पण तेव्हाच दाखवलं असतं तर औषध देता आलं असतं. आणि पाळी गेल्यावरचं रक्त तर एक दिवसही अंगावर काढायचं नसतं.

बाहेर आल्यावर जाऊबाई एवढंच म्हणाल्या, "बठा लोक म्हनेत, चांगलं शे. मालेबी तेच वाटे."

ऑपरेशन झालं, पण आजार पुढे पसरला होता. वर्षभरात त्या गेल्या. त्या सकाळी माझा दुसरा दिवस होता. अंघोळ घालायला बायका जमल्या, तशी मी तांब्या घेऊन पुढे झाले. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"तुले अडचण शे ना?"

"शे," मी म्हटलं, आणि जाऊबाईंच्या केसांवर पाणी ओतलं.