मिनिटाला नव्वद शब्द

संसदेच्या सभागृहात सभापतींच्या समोर एक छोटं टेबल असतं. तिथे बसून बोललेला शब्द न् शब्द लघुलिपीत उतरवायचा, हेच काम हे लघुलेखक एकतीस वर्षं करत आले होते. सगळे त्यांना हवामानखातं म्हणत. "आणि हे खातं चुकत नाही हं!" असं कँटीनवाला वर ठासून सांगे.

बहुमत नसलेलं सरकार आलं की लोक खासदार मोजत. हे मात्र पंतप्रधानांच्या बोलण्याचा वेग मोजत. एरवी मिनिटाला शंभर शब्द बोलणारा माणूस एकशे तीसवर गेला, की खुर्ची डळमळली म्हणून समजायचं. "आधी माझी पेन्सिल दमते, मग सरकार पडतं," असं ते म्हणत. तीन पंतप्रधानांचं जाणं त्यांनी असं आधीच, आठवड्यासह सांगितलं होतं.

या खेपेला प्रश्न घरातला होता. त्यांची मुलगी सरकारी इस्पितळात रक्त तपासायची. नऊ वर्षं झाली, तरी दर अकरा महिन्यांनी नवा करार. अशा लोकांना कायम करण्याचं विधेयक या सरकारनं मांडलं होतं. ते मंजूर व्हायला सहा आठवडे लागणार होते, आणि बहुमताला चार खासदार कमी होते. त्यातच शेजारच्या गावातल्या एका खासगी प्रयोगशाळेनं तिला कायमची नोकरी देऊ केली. उत्तर शुक्रवारपर्यंत हवं होतं.

"इथे कायम झाले तर नऊ वर्षं धरली जातील, बाबा. तिथे गेले की पाटी कोरी. हे सरकार सहा आठवडे टिकेल का, तेवढं सांगा."

"गुरुवारी पंतप्रधानांचं भाषण आहे. मग सांगतो."

गुरुवारी सभागृहात नुसता गदारोळ होता. पाठिंबा देणाऱ्या पक्षाचे लोक भाषणाआधीच उठून गेले. पंतप्रधान मात्र शांतपणे, एकेक वाक्य पुरं करत बोलले. पेन्सिल एकदाही धावली नाही.

घरी आल्यावर चपला काढता काढताच ते मुलीला म्हणाले, "माऊ, वर्ष काढतील! मिनिटाला नव्वद! पायाखाली जमीन असल्याशिवाय माणूस असा बोलत नाही."

"अहो, पोरीच्या पोटाचा प्रश्न आहे," बायको आतून म्हणाली. "कँटीनमधल्या गप्पा नव्हेत."

"मग मी काय गप्पा मारतोय?"

शुक्रवारी मुलीनं प्रयोगशाळेला नकार कळवला.

सोमवारी सकाळी पंतप्रधानांनी राजीनामा दिला. जायचं त्यांनी बुधवारीच ठरवलं होतं, असं वर्तमानपत्रात आलं. ते वाचून हवामानखातं बराच वेळ अंक हातात धरून बसलं. खुर्ची सुटेल म्हणून घाबरलेली माणसंच त्यांनी आजवर लिहून घेतली होती. ज्यानं ती मनानं आधीच सोडली, त्याला घाई कसली? हे एकतीस वर्षांत त्यांच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. सरकारबरोबर विधेयकही गेलं.

मंगळवारी रजा टाकून ते मुलीबरोबर प्रयोगशाळेत गेले. तिथल्या बाई भल्या होत्या. "शनिवारीच भरली हो जागा," त्या हळहळल्या. "मी दोनदा विचारलं होतं यांना."

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "मी सांगितलं हिला."

बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला.

बसथांब्यावर दोघं बाकावर बसली. "तुम्ही कशाला मनाला लावून घेता?" मुलगी म्हणाली. "विचारलं मीच ना?"

"एकदा रागाव तरी माझ्यावर."

"रागावून काय होणार, बाबा? करार संपायला चार महिने आहेत. तोवर काम तर करायचंच." तिनं घड्याळ पाहिलं. "दुपारची पाळी आहे. तुम्ही घरी जा. आईला मी सांगेन, तुम्ही नका सांगू."

इस्पितळाकडे जाणारी बस आली. ती चढली, खिडकीशी जागा मिळाल्यावर तिनं हात हलवला. त्यांनीही हलवला. घराकडे जाणारी बस मागोमाग येऊन गेली, तरी ते बाकावरून उठले नाहीत.