दिवा लागू द्या

"हसू नका. दिवा लागू द्या," असं म्हणत मावशी रिमोट पुढे धरायच्या आणि चित्र थांबवायच्या. दात काढलेले आम्हीही तसेच थांबायचो.

जर्मनीत रेगेन्सबर्गला मी पीएचडी करत होतो. आम्ही चार-पाच मराठी मुलं-मुली रविवारी दुपारी त्यांच्याकडे वरणभात खायला जायचो. मावशी नागपूरच्या. तरुणपणी डॉक्टरकी शिकायला सोव्हिएत देशात गेल्या आणि तिथल्याच एका जर्मन वंशाच्या मुलाशी लग्न करून बसल्या. तो देश मोडल्यावर नवऱ्याच्या पूर्वजांमुळे दोघांना इथे यायला मिळालं. थोड्याच दिवसांत नवरा वारला. मागे राहिल्या मावशी आणि एका रशियन दिग्दर्शकाच्या कॅसेटी.

पात्रं रशियन बोलायची, मावशी त्याचं लगेच नागपुरी करून सांगायच्या. छातीभर पदकं लावलेला कर्नल बायकोला विचारायचा, "काहून वो, चहा कुठं हाय?" आम्ही लोळायचो. त्यावर मात्र त्या कधी रागावल्या नाहीत.

त्या दिग्दर्शकाला मोर्चे आणि पुतळे दाखवण्याची हौस नव्हती. रांगेतल्या बाईची रिकामी पिशवी, जिन्यात वाळणारे मोजे, एकाच सामायिक स्वयंपाकघरात भांडणारी अनेक घरं, हे तो शांतपणे बघत राहायचा. एका चित्रपटात अशाच स्वयंपाकघरात प्रत्येक घराचा दिवा वेगळा, बटण वेगळं, मीटर वेगळं. एका म्हातारीचा दिवा गेलेला असतो. ती अंधारात चाचपडत साखर समजून मीठ ढवळते. इथे सगळे हसतात. मग दुधाची बरणी घेतलेला एक तरुण आत येतो, आपल्या घरचा दिवा लावतो आणि काही काम नसताना तिथेच उभा राहतो. म्हातारीचं होईपर्यंत.

"हा माझा माणूस," मावशी सांगायच्या. "आमच्याच इमारतीत शूटिंग झालं. राहणाऱ्यांनाच उभं केलं होतं. लग्नाच्या आधीचा आहे, पाहा ना, केस किती!"

त्यांचा हलता-चालता नवरा जगात तेवढाच उरला होता. पण त्याला थांबवून थांबवून कॅसेट नेमकी तिथेच झिजली. पुढे पुढे तिथे फक्त पांढरे पट्टे दिसू लागले.

म्हणून गावातल्या एका छोट्या कीनोने, म्हणजे थिएटरने, त्या दिग्दर्शकाचे चित्रपट लावले, तेव्हा मावशी हिरवी पैठणी नेसून आल्या. आम्हाला म्हणाल्या, "पुढच्या रांगेत बसा रे पोट्टेहो. मोठा दिसेल."

म्हातारीने मीठ ढवळलं. थिएटर खदखदून हसलं. आणि पुढचंच दृश्य आलं, लग्नाचं, ॲकॉर्डियनचं. तो आलाच नाही.

दिवे लागले तेव्हा मावशी उभ्या होत्या. कार्यक्रम ठरवणारा गृहस्थ सभ्यपणे म्हणाला, "आल्झो, म्हणजे, लांबी थोडी कमी केली. तिथे काही घडतच नव्हतं."

"काही घडत नव्हतं?" जर्मनमध्ये सुरू झालेल्या मावशी रशियनमधून मराठीवर आल्या. "परक्या म्हातारीसाठी आपलं मीटर फिरवत उभा राहिला तो! तुम्ही अंधार ठेवला अन् दिवा कापला! तुम्हाला हसायला आम्ही, अन् माणूस म्हणून कोणीच नाही?"

लोक कोट चढवत होते. एकीने त्यांच्या पैठणीचं कौतुक केलं.

आज इतक्या वर्षांनी मला कापण्याचा राग येतो त्याहून जास्त त्या सभ्यपणाचा येतो. कुणाचं आयुष्य गमतीदार तेवढंच ठेवायचं, हे यांना कुणी ठरवायला सांगितलं? तुम्हीही अशी थिएटरं पाहिली असतील. हसू ओसरायच्या आत दृश्य बदलतं.

मावशी पुढच्या हिवाळ्यात गेल्या. त्याच गृहस्थाने त्यांच्या आठवणीसाठी तो चित्रपट पुन्हा दाखवला. तोच, कापलेला. मी गेलो नाही.

मावशींची कॅसेट माझ्याकडे आहे. कधीतरी लावतो. म्हातारी चाचपडते. पावलं वाजतात, बरणी कुठेशी टेकते, बटण खट्ट करतं. पडदा पांढराशुभ्र होतो. दिवा लागलेला असतो, आणि त्या उजेडात कुणीच दिसत नाही.