विकणाऱ्याच्या बाजूचा साडू

ज्या माणसाला बरोबर घेऊन खरेदीला जाऊ नये असा अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात एकच माणूस आहे, आणि दैवयोगाने तो माझा साडू आहे. माझ्या थोरल्या मेहुणीचे हे यजमान तालुक्याच्या कचेरीत कारकुनी करून निवृत्त झाले. अंगात बाराही महिने अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा, बोलणं मऊ, खाणं बेताचं, कोणाच्या अध्यात नाहीत की मध्यात नाहीत. एवढ्या गुणी माणसाला खोड फक्त एकच. समोरचा माणूस तोट्यात जातोय असा नुसता संशय आला तरी त्यांना राहवत नाही, ते त्याला सांगून टाकतात. आता हा समोरचा माणूस आपल्यालाच काही विकत असतो, आणि त्याच्या तोट्यातच आपला फायदा असतो, ही गोष्ट त्यांच्या डोक्यात आजवर शिरलेली नाही.

भाजीबाजारात मेथीची जुडी दहाला मिळाली तर तुम्हीआम्ही पिशवी उघडतो. साडूभाऊ उकिडवे बसतात आणि काळजीने विचारतात, "मावशी, धा रुपयात काय परवडून राहिलं तुमाला? मागच्या बाजारी तर पंधराला होती." त्या मावशीने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्या मेहुणीकडे पाहिलं आणि जुडी पंधराची केली. शेजारच्या पालकवालीनेही लगेच भाव चढवला. मेहुणीने त्या दिवसापासून त्यांच्या हातात पिशवी दिलेली नाही. पुढे त्यांनी स्वतःची मोटारसायकल विकायला काढली तेव्हा सेनगावकडून एक गिऱ्हाईक आलं. साडूभाऊंनी त्याला चहा पाजला आणि गाडीची माहिती द्यायला सुरुवात केली. पावसात प्लग भिजतो, तिसरा गिअर कधी पडतो कधी पडत नाही, मागचं चाक जरासं तिरकं पळतं. चहा संपेपर्यंत त्या भल्या माणसाला इतकी कणव आली, की "काका, तुमी आता ही चालवू नका, एखाद्या दिवशी पडसाल," असं बजावून तो एसटीने परत गेला.

अशा माणसाला मी जुनी गाडी घ्यायला सोबत नेलं. का नेलं, ते सांगायला हवं. मी आणि माझी बायको, दोघंही पुसेगावच्या शाळेत शिकवतो आणि हिंगोलीत राहतो. गेल्या वर्षी बायकोच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. दुचाकीवर बसायचं नाही, एसटीत उभं राहायचं नाही, असं डॉक्टरांनी निक्षून सांगितलं. तिची रजा दिवाळीच्या सुट्टीबरोबर संपत होती आणि त्यानंतर एकतर शाळेत हजर व्हायचं किंवा नोकरी सोडायची, असे दोनच मार्ग उरले होते. नोकरी सोडायचा विषय निघाला की ती भिंतीकडे तोंड करून पडायची. म्हणजे गाडी हवीच होती. भरवशाची हवी होती, कमी पेट्रोलवर जास्त पळणारी हवी होती आणि ऑपरेशनच्या खर्चातून उरलेल्या शिलकीत बसणारी हवी होती. भरवशाच्या गाड्या पुष्कळ दिसल्या, त्या आमच्या ऐपतीबाहेर होत्या. ऐपतीतल्याही दिसल्या, त्या ढकलाव्या लागत होत्या.

आणि गाडीतलं कळतं तर साडूभाऊंनाच, हे आमच्या घरात सगळ्यांना मान्य आहे. त्यांची स्वतःची चारचाकी इतकी जुनी आहे की तिचे सुटे भाग बनवणाऱ्यांनी बनवणं सोडून दिलं, तरी ती पहिल्या चावीला सुरू होते. शिवाय त्यांना न सांगता गाडी आणली असती तर मेहुणी वर्षभर आमच्या दारात आली नसती. तेव्हा मी निघण्याआधी त्यांना हात जोडून सांगितलं, "साडूभाऊ, तुम्ही फक्त बघायचं. बोलणं मी करीन."

"व्हय गुरुजी, तुमीच बोला," ते म्हणाले. "मला कुठं येतं त्यातलं काही?"

पहिल्यांदा आम्ही हिंगोलीतच जुन्या गाड्यांच्या एका दुकानात गेलो. दुकानदार सोन्याच्या कड्याचा, हसतमुख, शब्दाशब्दाला 'सर' म्हणणारा. त्याने एक पांढरी गाडी दाखवली. नवीसारखी चमकत होती, आत अत्तर मारलेलं, आणि मीटरवरचा आकडा असा, की गाडी बहुधा फक्त देवदर्शनालाच बाहेर निघत असावी. मी मनातल्या मनात तिला हार घालून मोकळा झालो होतो. साडूभाऊंनी बॉनेटवर तळहात ठेवला, तेलाचं झाकण काढून आत पाहिलं, टायरवरून बोटं फिरवली. मग ड्रायव्हरच्या दारापाशी गुडघ्यावर बसून त्यांनी क्लचच्या पेडलवरचं रबर चाचपलं, आणि त्यांचा चेहरा एकदम पडला. ते उठले, दुकानदाराजवळ गेले आणि त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"साहेब," ते भरल्या आवाजात म्हणाले, "तुमाला फसवलं हो कुणीतरी."

दुकानदाराला काही कळेना. मलाही कळेना.

"हे रबर बघा. झिजून गुळगुळीत झालंय. एवढ्या कमी चाललेल्या गाडीचं असं होत न्हाई. ज्यानं तुमाला ही गाडी इकली त्यानं मीटर मागं फिरवलंय. आन् इंजनावर हात ठेवा, गरम हाय. आमी येण्याच्या आधी कुणीतरी चालू करून ठेवलं, म्हणजे थंड असताना सुरू व्हायला त्रास देत असंल. तुमच्या लोकांनी तुमाला सांगितलं न्हाई काहून?"

दुकानात आणखी दोन कुटुंबं गाड्या पाहत होती. ती पाहायची थांबली. मी एका टायरच्या ढिगामागे सरकलो. आपण एका माणसाला त्याच्याच दुकानात, त्याच्याच गिऱ्हाइकांसमोर उघडं पाडतो आहोत, याची साडूभाऊंना गंधवार्ता नव्हती. त्यांच्या लेखी तो बिचारा लुबाडला गेलेला माणूस होता. "पोलिसात तक्रार द्या," ते त्याचा हात थोपटत म्हणाले. "आमी येतो संगं. साक्ष देतो." दुकानदाराचा चेहरा लाल, पांढरा आणि पुन्हा लाल झाला. त्याच्या तोंडून त्या दिवशी निघालेला शेवटचा शब्द 'सर' हा नव्हता, एवढंच इथे लिहितो. रस्त्यावर आल्यावर साडूभाऊ बराच वेळ हळहळत होते. "लई मोठा झटका बसला त्या माणसाला. बघितलं न्हाई, कसा वरडून राहिला?"

त्यानंतर दोन दिवसांनी जवळा बाजार या गावाहून निरोप आला. कापसाचा व्यापार करून आता घरी बसलेले एक चाचा आपली छोटी पेट्रोलची गाडी विकणार होते. एकाच हातावर चाललेली गाडी. सकाळी गारव्यातच आम्ही त्यांच्या अंगणात पोचलो. राखाडी रंगाची गाडी निंबाच्या झाडाखाली उभी होती. चाचा उंच, किरकोळ, जाड काचेच्या चष्म्याचे. कागद दाखवताना ते प्रत्येक कागद नाकाशी नेऊन मगच आमच्या हातात देत होते. "आँखे जवाब दे रही है," ते म्हणाले. "अब लेकरं गाडीला हात लावू देत नाहीत. खडी रहके क्या करेगी?"

साडूभाऊंनी गाडी थंड असतानाच सुरू केली. पहिल्या चावीला लागली. धूर नाही, तेल स्वच्छ, बॉनेटचे बोल्ट कधी खोललेले नाहीत, टायर चारही सारखे झिजलेले, कागदांवर कर्जाचा बोजा नाही. मग ते मागच्या सीटवर डोळे मिटून बसले आणि मला गावाबाहेर एक चक्कर मारायला लावली. परत आल्यावर त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "गुरुजी, आपल्याला हीच. पेट्रोलला लई हलकी हाय. ताईंच्या पाठीला धक्का बसणार न्हाई."

मी चाचांना किंमत विचारली. त्यांनी सांगितली. ती माझ्या शिलकीपेक्षाही कमी होती. मी चेहऱ्यावर आनंद दिसू नये म्हणून खाली पाहिलं, आणि तेवढ्यात माझ्या कानावर ते शब्द पडले.

"चाचा, तुमी काहून एवढ्या स्वस्तात देऊन राहिले?"

मी साडूभाऊंचा सदरा मागून ओढला. तो ताणला गेला, ते मात्र हलले नाहीत. "टायर चांगले, इंजन बराबर, रंग मूळचा. बाजारात हिला किती तरी जास्त येतील. कुणी तुमाला खोटा भाव सांगितला काय? तुमाला दिसत न्हाई म्हणून लोक फायदा घेत्यात चाचा. असं करू नका."

चाचा त्यांच्याकडे टक लावून पाहत राहिले. "भाई," ते शेवटी म्हणाले, "तुमी गाडी लेने आये की देने?"

"घ्यायलाच आलो न जी. पन बराबर भावानं घ्यावं माणसानं."

इकडे माझ्या डोळ्यांपुढे बायको भिंतीकडे तोंड करून पडलेली दिसू लागली. आता चाचा भाव चढवणार, गाडी जाणार, तिची नोकरी जाणार, आणि ते सगळं या पांढऱ्या सदऱ्यामुळे होणार. पण चाचांनी भाव चढवला नाही. ते गाडीच्या बॉनेटला हात टेकून उभे राहिले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"अब तुमी इतकं सच बोलले," ते हळूच म्हणाले, "तो मैं झूठ कैसा बेचूं? ये गर्मी में पाणी पिती है. दो दफे औंढ्याच्या रस्त्यावर खडी रह गई, इंजन तापून. इसी वास्ते दाम कम बोला. ठंडी में किसी को पता नहीं चलता."

आता हादरायची पाळी साडूभाऊंची होती. त्यांनी झटकन बॉनेट उघडलं आणि आत डोकं घातलं. सकाळच्या गारव्यात एवढ्याशा चकरेत इंजिन तापलंच नव्हतं, त्यामुळे त्यांच्याही ते लक्षात आलं नव्हतं. मी मात्र मनातल्या मनात मे महिन्यात पोचलो होतो. पुसेगावच्या रस्त्यावर, दुपारच्या उन्हात, वाफा सोडणारी गाडी आणि तिच्यात पाठ धरून बसलेली माझी बायको.

पुढचं जे झालं ते मी आजवर कोणत्याच बाजारात पाहिलेलं नाही. चाचा म्हणाले, मेकॅनिककडे मी नेतो, खर्च माझा, किंमत तीच. साडूभाऊ म्हणाले, छे छे, दुरुस्त झाल्यावर तिची किंमत वाढणार, ती तुमी घेतलीच पाहिजे. चाचा म्हणाले, एक पैसा नाही. साडूभाऊ म्हणाले, मग आमाला नको गाडी. विकणारा भाव पाडत होता आणि घेणारा चढवत होता, आणि ज्याच्या पैशांवर हे सगळं चाललं होतं तो मी, बाजेवर बसून एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होतो. अखेर चाचांच्या घरातून चहा आला आणि चहाबरोबर तडजोड झाली: दुरुस्तीचा खर्च निम्मा-निम्मा, किंमत चाचांनी सांगितली तीच. मेकॅनिकने हेड गॅस्केट बदललं, रेडिएटर धुऊन दिला, आणि चाचांनी भर दुपारी शेजारी बसून साडूभाऊंना गाडी औंढ्याच्या चढावर दोनदा वर-खाली करायला लावली. इंजिनाच्या उष्णतेचा काटा जागचा हलला नाही. सुट्टी संपली त्या दिवशी बायको पाठीमागे उशी ठेवून पुढच्या सीटवर बसली. पुसेगावला शाळेच्या फाटकापाशी उतरताना तिने डॅशबोर्डवरून हलकेच हात फिरवला.

गाडीने आजवर कधी दगा दिला नाही. एका लिटरला किती पळते ते शेजाऱ्यांना सांगितलं तर ते मला थापाड्या समजतात. फक्त महिन्यातून एखाद्या रविवारी साडूभाऊ येतात आणि "जरा काम हाय" म्हणून गाडी मागून नेतात. मला वाटायचं, कोणाची तरी गाडी बघायला जात असतील. मग एकदा शाळेतल्या एकाने सांगितलं, की माझी गाडी त्याला जवळा बाजारला दिसली. मी साडूभाऊंना विचारलं आणि त्यांनी अर्थातच सगळं सांगून टाकलं. चाचांच्या एका डोळ्याने आता काहीच दिसत नाही, दुसऱ्याने नुसता उजेड कळतो. कुठे जाणं नाही, येणं नाही. "गाडीत बसलं की बरं वाटतं म्हन्त्यात," साडूभाऊ म्हणाले. "मंग औंढ्यापर्यंत नेऊन आणतो."

यंदाच्या थंडीत एका रविवारी मीही त्यांच्याबरोबर गेलो. चाचा पुढे बसले, मी मागे. गाव सुटल्यावर चाचांनी खिडकीची काच खाली केली आणि वारं तोंडावर घेत बोलू लागले. इथे अमक्याची कापसाची जिनिंग, इथे वळण, आता पूल येईल. सगळं बरोबर येत होतं. मग ते एकदम सावरून बसले. "आगे बाभळी के बाद बडा खड्डा है भाई. जरा दाएँ से."

तो रस्ता केव्हाचाच सिमेंटचा झाला आहे. साडूभाऊंनी गाडी हळू केली, आरशात पाहिलं, सावकाश उजवीकडे घेतली आणि पुन्हा डावीकडे आणली.

"निकल गया?" चाचांनी विचारलं.

"निघाला चाचा," साडूभाऊ म्हणाले. "बरं झालं सांगितलं. न्हाई तर चाकच गेलं असतं."

चाचा समाधानाने मागे टेकले. मी मान वळवून मागच्या काचेतून पाहिलं. सपाट, पांढरा रस्ता उन्हात लांबवर पडला होता.