वरच्या मजल्याचा आकडा

आमच्या बेटावरच्या मोका गावच्या ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारत होतो, तेव्हा लालमती गावाहून वहिनीचा फोन आला. "तुमचे दादा गेले," एवढंच ती म्हणाली. त्याला आता सहा आठवडे झाले.

पांडूदादा माझा चुलतभाऊ, साखर कारखान्यांचे आराखडे काढणाऱ्या कचेरीत भाराचे हिशेब करणारा इंजिनीयर. चौऱ्याहत्तर साली एका कारखान्यात वाफेचे नवे पाइप बसायचे होते. बॉयलर पुरवणाऱ्या परदेशी कंपनीला भूकंपाचाही हिशेब हवा होता. रीत सोपी, दादानेच मला समजावली होती. पाइपचं वजन घ्यायचं, एका अपूर्णांकाने गुणायचं, तेवढा जोर आडवा लागला असं धरून आधार पुरतात का बघायचं. सगळा प्रश्न त्या अपूर्णांकाचा. कचेरीच्या साहेबांनी नियमांच्या पुस्तकातला, जमिनीवरच्या वस्तूंसाठीचा सर्वांत लहान आकडा पुढे केला. दादा म्हणाला, हा पाइप छताखाली लोंबतो, इमारत हलली की वर जास्त हलेल, आकडा वरच्या मजल्याचा घ्या. पण मग आधार वाढणार, लोखंड वाढणार, खर्च वाढणार...

"इसी पेना त्रांब्लमां द तेर, पांडू," साहेब बेटाच्या बोलीत म्हणाले आणि हसले. म्हणजे, इथे भूकंप होत नाहीत. "वादळाला घाबर, तेवढं पुरे."

"मग रकाना कोरा ठेवा, मुस्ये. खोट्या आकड्यावर माझी सही नको."

त्या संध्याकाळी मीच त्याला म्हणालो, "दादा, करून टाक ना सही. कोण बघतंय?" तो माझ्याकडे बघत राहिला. "तू पण?" म्हणाला. सही दुसऱ्याने केली. दादाची रवानगी गोदामात झाली, पंपांच्या आणि व्हॉल्व्हच्या याद्या करायला. तिथेच तो म्हातारा झाला. ते पाइप अजून शाबूत आहेत. जमीन कधी हललीच नाही. अंत्यविधीला आलेले साहेब म्हणाले, "भला माणूस, पण हट्टी." मी मान डोलावली. त्याची लाज अजून जात नाही.

परवा वहिनीने खोली रंगवायला काढली. कपाट हलेना. मागे बघितलं तर लोखंडी पट्ट्यांनी ते भिंतीला जखडलेलं, खाली दोन, वर चार.

"कधी केलं हे?"

"गोदामात गेले त्याच वर्षी," वहिनी म्हणाली. "मी विचारलं नाही कशाला. स्टूल धरायला कोणीतरी लागत होतं, तेवढं धरलं."

आम्ही कपाटाच्या कडेकडेने रंग दिला.