हिंदमात्याहून येणारा आवाज

नव्या मोबाइलचे अँटेना तपासणं हे माझं काम. प्रयोगशाळेतलं मोजून झालं की तेच फोन घेऊन आम्ही परळ-लालबागच्या रस्त्यांवर फिरतो. फोन मोकळा ठेवला तर सिग्नल किती, मुठीत धरला तर किती, कानाला लावल्यावर किती घसरला, ते लॅपटॉपवर दिसत राहतं. माणसाचा हात आणि डोकं बराच सिग्नल गिळतात. नेट वापरताना फोन तोंडासमोर असतो, तेव्हा निदान डोकं तरी आड येत नाही.

बोलण्याच्या चाचणीला पलीकडे न थांबता बोलणारं माणूस लागतं. माझा मोठा भाऊ हिंदमात्याला साड्यांच्या दुकानात सेल्समन होता. दुपारी त्याचं जेवण उरकलं की मी त्यालाच फोन लावायचे.

"दादा, बोल काहीही."

मग समोर गिऱ्हाईक बसल्यासारखा तो सुरू व्हायचा. "हा मोरपंखी बघा ताई. काठ बघा. पदर खांद्यावर घ्या, मग सांगा." मध्येच हळूच विचारायचा, "आवाज येता मां गो?"

मागच्या वर्षी त्याचा घसा बसला, तो सुटेचना. तपासण्या झाल्या आणि परळच्या इस्पितळात डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्याने आपणहून फोन केला.

"आज टेस्ट नाय तुझी?"

"आहे ना," मी म्हटलं. नव्हती. मी गिरगावात घरी कणीक मळत होते.

तो साड्या दाखवत राहिला. आवाज फाटत होता, दम लागला की थांबायचा. मी विचारलं, "रेकॉर्ड करू?"

"नको गो. नंतर ऐकत बसशील नि रडशील."

मी केलं नाही.

ऑपरेशननंतर तो मेसेज लिहायचा. नेट व्यवस्थित चालायचं, मेसेज लगेच पोचायचे. पण कधी दुपारी त्याचा साधा फोनही यायचा. पलीकडे गळ्यातल्या भोकातून येणारा श्वास, बाकी काही नाही. मी घरातलं, ऑफिसातलं सांगत बसायचे. थोड्या वेळाने तो फोन ठेवायचा आणि लिहायचा, "बरं वाटलं."

आजार परत उलटला. दिवाळीच्या आधी तो गेला.

तेराव्यानंतर वहिनीने त्याचा फोन माझ्या हातात दिला. "गिऱ्हाइकांचे फोन येतात. माझ्याने सांगवत नाही. तू बघ."

दुसऱ्या दिवशी माहीमहून एका बाईचा फोन आला. मुलीचं लग्न ठरलं होतं. "दादा आहेत का? त्यांच्याकडूनच घ्यायच्यात सगळ्या साड्या."

मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "माझ्या लग्नाचा शालू त्यांनीच काढून दिला होता हो."