कुलपातले बूट

वीबेचा चहा मी प्यायलो. मुद्दाम नाही हो. तो हात धुवायला गेला होता, कप टेबलावर निवत होता, आणि भरलेला कप मोरीत ओतला जाणार हा नुसता विचारही आम्हा हॉलंडमधल्या फ्रीसलंडच्या माणसांना सोसत नाही. खरं तर माझं काम सूप ढवळण्याचं. पण कप एका दमात रिकामा केला आणि वर "आलं जरा जास्त झालंय" असा शेराही मारला.

"आलं नव्हे, ट्रफल," हिल्के म्हणाली. "आता पड त्या तिसऱ्या गादीवर."

हिल्के माझी शेजारीण. एकतीस वर्षं तिनं गावोगावच्या गोठ्यांत गाईंची बाळंतपणं केली. गुडघे गेल्यावर माणसांकडे वळली. दुःखानं एकमेकांशी बोलेनाशी झालेली जोडपी तिच्याकडे येतात. ती त्यांना झिंग आणणाऱ्या ट्रफलचा, म्हणजे अळंबीच्या गाठींचा, चहा देते आणि दिवसभर उशाशी बसते. "धीर धरायचा, ओढायचं नाही," ही तिची पद्धत. गाईंनाही हीच होती. बूट मात्र आल्या आल्या चीजच्या कपाटात कुलूपबंद. झिंगलेला माणूस थेट कालव्याकडे चालू लागतो.

यित्स्के आणि वीबेचा मुलगा रिन्से दोन वर्षांपूर्वी गेला. तेव्हापासून यित्स्के स्वयंपाकघरात रडायची, आणि रडू ऐकू आलं की वीबे शेडमध्ये जाऊन स्केटच्या पात्यांना धार लावत बसायचा. कालव्यावर कित्येक हिवाळ्यांत धड बर्फ धरला नव्हता, पण त्या स्केटनी एव्हाना दाढी झाली असती. यित्स्केनं बजावलं होतं, आजही काही झालं नाही तर मी बहिणीकडे निघाले, कायमची.

"वीबे, तुझा चहा या गाढवानं ढोसला," हिल्के म्हणाली. "दुसरा करू?"

यित्स्केला झिंग चढली होती आणि रडूही आलं होतं. वीबे दाराकडे सरकला. "नको. माझे बूट?"

"चार वाजता."

"मोज्यांवर जातो."

"जा की. कालच शेणखत टाकलंय बाहेर."

वीबे बसला. मी तेव्हा वाटाण्याच्या सुपाची मनापासून माफी मागत होतो, त्यामुळे पुढचं मला नंतर त्यानंच सांगितलं.

"तुला तो आठवतच नाही," यित्स्के म्हणाली.

वीबेनं घसरलेला मोजा वर ओढला. "त्याचेच स्केट घासतो गं मी. गंज चढू नये म्हणून."

"दोन वर्षं?"

"रोज."

"अरे, मग पातं उरलंय का काही?"

"दोन बोटं असेल."

त्यावर यित्स्केला हसू फुटलं, मग त्याला, आणि मग दोघांनाही रडू. पहिल्यांदाच एका खोलीत.

चार वाजता बूट घालताना तिनं विचारलं, "शेडमध्ये बसायला काय आहे?"

"एक स्टूल."

"अजून एक ठेव."

ती दोघं गेल्यावर मी गादीवरूनच मान वर केली. "बघ हिल्के, मी चहा प्यायलो म्हणूनच जमलं ना?"

"जमलं ते कुलपामुळे, तू कप विसळ."