मिटलेले डोळे

आमच्या गावच्या दूध सोसायटीत दूध तपासणारा तो माणूस आधी लई तोंडाळ. दुधात पाणी सापडलं की शिव्यांची लाखोली वाहायचा, सगळ्या रांगेसमोर कॅन गटारात ओतायचा. येशूचा झाला आणि शिव्या बंद पडल्या. प्रत्येक कॅन उघडण्याआधी क्षणभर डोळे मिटायचा. मी तेव्हा अतिशहाणी. विचारायचे, "कावून मिटता डोळे, भाऊ? फॅट येशूला विचारता का?" तो हसून झाकण उघडायचा.

दुष्काळात म्हशी आटल्या. कॅन भरलेला दिसावा म्हणून मी दुधात टँकरचं पाणी घातलं. घरात प्यायला थेंब नाही आणि मी दुधात ओततेय, इतकी हुशार! त्यानं दुधातलं पाणी पकडणारी काचेची कांडी सोडली, ती खोल बुडाली. मी गटाराकडे बघितलं. त्यानं झाकण लावलं. हळूच म्हणाला, "ताई, हे घरी लेकरांना पाजा. उद्या असंल तेवढंच आना."

मागून सासूबाईंची मैत्रीण ओरडली, "काय झालं रे?"

"मावशी, तुमचा कॅन घ्या फुडं."

माझी अब्रू त्या माणसानं राखली. अजून दूध तापवताना आठवतो. दुसऱ्या दिवशी मी अर्धाच कॅन नेला. त्यानं डोळे मिटले. मीही मिटले. एक मात्र उघडा ठेवला, कांडी बघायला.